वहीत शिस्त आहे, पण धंदा कुठे आहे?

काही महिन्यांपूर्वी असरच्या नमाजनंतर बोईसरमधील एक तरुण माझ्याकडे आला. वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यावर तो बसतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील दोन-तीन कारखान्यांना लोखंडी जिने, जाळ्या, यंत्रांवरची पत्र्याची झाकणे करून देतो. हात चांगला आणि हिशेब त्याहून चांगला. त्याला ६४,००० रुपये हवे होते. "चाचा, फक्त पंधरा दिवसांसाठी. माल उचलायचा आहे. विश्वास नसेल तर ही माझी वही बघा," असे म्हणून त्याने एक जाड वही माझ्यापुढे ठेवली.

मी वही उघडली. तो गाळ्याचा रोजमेळ नव्हता. व्हिडिओ गेमच्या सामन्यांवर लावलेल्या पैजांची ती वही होती.

आमच्या पिढीतील वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. काउंटर-स्ट्राइक, डोटा, व्हॅलोरंट अशा खेळांच्या आता जगभर स्पर्धा भरतात. पाच-पाच खेळाडूंचे पगारी संघ असतात, लाखो लोक सामने मोबाईलवर थेट पाहतात. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा प्रकार म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यासाठी पदके दिली गेली. यात काही वावगे नाही. पण जिथे सामना तिथे बुकी, हा जुना नियम इथेही लागू पडला. कोणता संघ जिंकेल, पहिली फेरी कोण घेईल, यावर पैसे लावणारी संकेतस्थळे परदेशात बसून आपल्या पोरांच्या खिशापर्यंत पोहोचली आहेत.

"चाचा, हा जुगार नाही," तो तरुण म्हणाला. "जुगारी अंदाजाने लावतो. मी अभ्यास करून लावतो. माझी स्ट्रॅटेजी आहे, शिस्त आहे."

हे वाक्य मी त्याच्याच तोंडून ऐकले असे नाही. २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून पालघर-बोईसरची आपली मुले गाडीत बसून जगाशी जोडली गेली आहेत. "शिस्तीने लावले तर कमाई होते" ही समजूत त्यांच्यात पसरते आहे. म्हणून हा प्रश्न "जुगार हराम आहे" एवढे सांगून मिटवू नये असे मला वाटते. तो हराम आहेच, त्याकडे पुढे येतो. परंतु आपण व्यापारी आणि कारागीर माणसे. आपल्याला हिशेबाची भाषा कळते. तेव्हा आधी वहीतला हिशेबच तपासू.

वही काय सांगते

खरे सांगायचे तर वही पाहून मला त्या मुलाचे कौतुक वाटले. सुरुवातीचे भांडवल २५,००० रुपये. प्रत्येक पैज ५०० रुपयांची, म्हणजे भांडवलाच्या दोन टक्के, त्याहून एक पैसाही जास्त नाही. एकाच खेळावर लक्ष. संघात बदली खेळाडू आहे का, खेळाची नवी आवृत्ती आल्यावर कोणाचा खेळ बिघडला, कोणत्या नकाशावर कोणाचा हात बसला आहे, याची टिपणे. दिनांक, संघ, भाव, रक्कम, निकाल, शिल्लक असे रकाने. हरल्यावर त्या दिवशी दुसरी पैज नाही, असा नियम पहिल्या पानावर लाल शाईत. आपल्यापैकी किती दुकानदार इतकी स्वच्छ वही ठेवतात, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

अकरा महिन्यांत ४१२ पैजा. त्यांपैकी २१२ जिंकलेल्या, २०० हरलेल्या. "बघा, जिंकलेल्या जास्त आहेत," तो म्हणाला. मी शिल्लक पाहिली. २५,००० चे २०,४०० झाले होते. जिंकलेल्या जास्त आणि तरी ४,६०० चा तोटा!

हे कसे झाले? तो बरोबरीच्या संघांवरच लावत असे, आणि अशा सामन्याला बुकी दोन्ही बाजूंना १.९० चा भाव देत असे. म्हणजे ५०० लावून जिंकलात तर ९५० परत, नफा ४५०. हरलात तर ५०० गेले. दोन माणसांनी दोन बाजूंना पाचशे-पाचशे लावले, तर बुकीकडे हजार जमा होतात. जिंकणाऱ्याला तो ९५० देतो आणि ५० गल्ल्यात टाकतो. सामना कोणीही जिंको, बुकीचे पाच टक्के पक्के.

या भावात नुसते मुद्दल राखायचे तरी शंभरातल्या जवळजवळ त्रेपन्न पैजा जिंकाव्या लागतात. त्या मुलाच्या शंभरात साडेएकावन्न आल्या. निम्म्यापेक्षा जास्त वेळा बरोबर ठरूनही तो हरत होता.

पाच टक्के लहान वाटतात. पण भांडवल किती वेळा फिरते यावर धंद्याचा नफा ठरतो, हे घाऊक बाजारातल्या माणसाला सांगायला नको. त्याने २५,००० च्या भांडवलावर पाचशे-पाचशे करून एकूण २,०६,००० रुपये फिरवले. त्याचे पाच टक्के १०,३०० होतात. आंधळेपणाने नाणे उडवून पैजा लावल्या असत्या, तर सरासरीने एवढा तोटा झाला असता. अकरा महिन्यांच्या अभ्यासाने तो तोटा ४,६०० वर आला. एक सामना दीड तासाचा धरला, तर त्यासाठी सहाशे तास गेले. सहाशे तासांत एक चांगला वेल्डर किती काम उपसतो, हे त्याच्या वडिलांना विचारा.

आणि ती बचत तरी अभ्यासामुळेच झाली, हे कशावरून? दहा माणसांनी ४१२ वेळा नाणे उडवले, तर त्यांच्यापैकी तिघांच्या आसपास लोकांना २१२ किंवा त्याहून जास्त वेळा छापा मिळेल. त्या तिघांपैकी कोणीही वही लिहिली असती, तर आपणच जाणकार आहोत असे त्याला वाटले असते. चारशे पैजांत कौशल्य आणि नशीब वेगळे काढता येत नाही. धंद्यात असे नसते. महिन्याच्या शेवटी गोदामातला माल मोजला की कळते.

शेवटची दोन पाने

मी पान उलटले. ४१२ नंतर अनुक्रमांक लिहिलेले नव्हते. दहा दिवसांत सात नोंदी होत्या: ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००. सातही हरलेल्या. बेरीज ६३,५००.

तो खाली मान घालून बसला. मग सगळे बाहेर आले. अकरा महिन्यांनी तोटा पाहून तो कंटाळला होता. कोणीतरी सांगितले की हरल्यावर दर वेळी रक्कम दुप्पट कर, एकदा जिंकलास की सगळे वसूल. खात्यातली शिल्लक संपल्यावर पुढचे पैसे पत्रा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायच्या रकमेतून उचलले. माझ्याकडे मागितलेले ६४,००० मालासाठी नव्हते. ती आठवी पैज होती.

मी त्याला पेन्सिल दिली आणि म्हणालो, "बेटा, धर की आठवी पैज तू जिंकलास. किती मिळतील?" चौसष्ट हजारांवर १.९० च्या भावाने नफा ५७,६००. आधीचा तोटा ६३,५००. म्हणजे जिंकूनही ५,९०० चा खड्डा! माझे चौसष्ट हजार परत येतील, पण त्याचा तोटा पुरा भरून निघणार नाही. आणि हरला असता तर एक लाख सत्तावीस हजार पाचशे गेले असते. इतका हुशार मुलगा, पण ही आकडेमोड त्याने केलीच नव्हती.

लागोपाठ सात वेळा हरणे ही दुर्मिळ गोष्ट आहे असे त्याला वाटत होते. तीही समजूत खोटी आहे. हजार वेळा नाणे उडवले, तर लागोपाठ सात काट्यांची रांग सरासरीने चारेक वेळा येते. जो रोज खेळतो त्याच्या वाट्याला ती रांग येतेच, फक्त तारीख ठाऊक नसते.

कोणी म्हणेल की त्याने शिस्त मोडली, यात शिस्तीचा काय दोष? मान्य आहे. परंतु पहिल्या ४१२ पैजा, जिथे शिस्त शाबूत होती, त्याही तोट्याच्याच होत्या. शिस्तीने एवढेच केले की पैसा सावकाश गेला. आणि सावकाश जाणारा पैसा माणसाला सावध करत नाही. तो म्हणतो, थोडेच तर गेले, उद्या निघेल. जे थोडे लोक खरोखर सातत्याने जिंकतात, त्यांची पैजेची मर्यादा बुकी कमी करतो किंवा खातेच बंद करतो. जो गिऱ्हाईक फायदा मिळवू लागला की त्याला दारातून परत पाठवतात, असे दुकान आपल्या बाजारात एक तरी आहे का?

बातमी कोणाकडे आधी पोहोचते?

व्यापारात जो आधी भाव ओळखतो तो कमावतो, हे खरे आहे. पण इथे आधी कोण ओळखतो? मोबाईलवर दिसणारा "थेट" सामना मुद्दाम मागे ठेवलेला असतो, अनेकदा काही मिनिटांनी. बुकी खेळाच्या सर्व्हरवरून निघणारी माहिती विकत घेतो. आपला मुलगा शिळे चित्र पाहून ताज्या भावावर पैसे लावतो. सातपाटीच्या बंदरावर पापलेटचा लिलाव संपून गेल्यावर कोणी घरी बसून बोली लावावी, तसा हा प्रकार आहे.

शिवाय सामना खराच होतो याची हमी कोण देणार? दक्षिण कोरियात २०१० मध्ये स्टारक्राफ्ट या खेळातले नावाजलेले खेळाडू ठरवून हरल्याचे उघड झाले, त्यांच्यावर कायमची बंदी आली. २०१६ मध्ये त्याच देशात पुन्हा तोच प्रकार, आणि या वेळी एका जगज्जेत्या खेळाडूला न्यायालयाने दोषी ठरवले. अमेरिकेत आयबायपॉवर या संघाने ऑगस्ट २०१४ मध्ये काउंटर-स्ट्राइकचा एक सामना जाणूनबुजून सोडला आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर बंदी आली. २०२० मध्ये तर खेळातल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन चोरून नकाशा पाहिल्याबद्दल ३७ प्रशिक्षकांवर कारवाई झाली. आपला देशही मागे नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाचा एक खेळाडू संगणकात लबाडीचा प्रोग्रॅम लपवून खेळताना पकडला गेला आणि तो संघच बरखास्त झाला.

बक्षीस लहान, पगार तुटपुंजा आणि पैजा मोठ्या, अशा लहान स्पर्धांत हा धोका सर्वांत जास्त असतो. आणि "अभ्यासू" मुले नेमक्या लहान स्पर्धाच निवडतात, कारण तिथे बुकीचा अंदाज चुकतो असे त्यांनी ऐकलेले असते. ज्याने सामना विकला आहे, त्याचा अभ्यास तुम्ही कोणत्या वहीत करणार?

मटक्याच्या तक्त्यांची आठवण

माझ्या वयाच्या वाचकांना हे सगळे ओळखीचे वाटेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावावर एके काळी लोक पैसे लावत. तेही म्हणत, की आम्ही बाजाराचा अभ्यास करतो. १९६० च्या दशकात त्याच आकड्यांच्या खेळाचा मटका झाला आणि कल्याणजी भगत, रतन खत्री ही नावे घराघरांत पोहोचली. कापूस गेला, भाव गेला, राहिले मडके आणि चिठ्ठ्या. गिरणी कामगार मात्र तक्ते मांडून गेल्या महिन्याचे आकडे तपासत बसत. एका आकड्याची शक्यता दहात एक आणि रुपयाला मिळत नऊ. जोडीची शक्यता शंभरात एक आणि मिळत नव्वद. तक्ता कितीही सुबक असला, तरी दहावा रुपया मालकाचाच होता.

आज चिठ्ठीच्या जागी पडदा आला. भाव नऊऐवजी १.९० झाला. तक्त्याला "स्ट्रॅटेजी" म्हणू लागले. बाकी काय बदलले?

कायदा आणि बँकेचे खाते

आता कायद्याची बाजू. आपला भाग जुन्या मुंबई इलाख्यात होता आणि इथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार कोर्टात टिकत नाही. पण व्यापाऱ्यांनी त्याहून लक्षात ठेवावी अशी गोष्ट आणखी जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या कायद्याने पैजेला मदत करण्यासाठी झालेले इतर करारही रद्दबातल ठरवले. १९५९ मध्ये घेरूलाल पारख खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने इतर प्रांत आणि मुंबई यांच्यातला हा फरक नोंदवला आहे. याचा साधा अर्थ असा की पैज लावण्यासाठी म्हणून कोणाला पैसे दिलेत, जामीन राहिलात किंवा भागीदारी केलीत, तर वसुलीसाठी कोर्टाचे दार तुम्हाला बंद समजा.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे, पण त्यावर पैजा लावता येणार नाहीत. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि जो अशा खेळाचे पैसे इकडून तिकडे पोहोचवतो, त्यालाही तीन वर्षे आणि एक कोटीपर्यंतची तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण पैसे पोहोचवणाऱ्याची तरतूद आपल्या दुकानदारांनी दोनदा वाचावी.

कारण उघड आहे. परदेशी संकेतस्थळाला इथे बँक खाते उघडता येत नाही, म्हणून ते भाड्याची खाती शोधतात. "चाचा, दुकानाचा क्यूआर कोड वापरू द्या, दर हजाराला इतके कमिशन," अशी गोड मागणी येते. महादेव ॲपच्या प्रकरणात ईडीने २०२३ मध्ये सांगितले होते, की ओळखीच्या लोकांना शाखा वाटून ७०-३० च्या हिश्शाने हा कारभार चाले. मोठे लोक दुबईत होते, खाती मात्र इथल्या माणसांची. कोणी १९३० या क्रमांकावर फसवणुकीची तक्रार केली, की पैसा ज्या-ज्या खात्यांतून गेला त्या खात्यांतली रक्कम बँका रोखतात. मग जीएसटी भरायला पैसे नाहीत, कामगारांची मजुरी थांबली, धनादेश परत गेला. दोन-चार हजारांच्या कमिशनसाठी वीस वर्षांची पत जाते.

कराचेही ऐकून ठेवा. २०२३ पासून ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे. आणि जुगारातला तोटा गाळ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात आपण एकटे.

दीन काय सांगतो

आता मूळ मुद्दा. पवित्र कुरआनच्या सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत मद्य आणि जुगाराबद्दल जे सांगितले आहे, त्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. त्यात लोकांना काही फायदा आहे हे तिथे नाकारलेले नाही. पण त्यातले पाप फायद्याहून मोठे आहे असे बजावले आहे. म्हणजे "अमुक एकाने कमावले" हे उदाहरण या प्रश्नाचे उत्तरच होऊ शकत नाही. पुढे सूरह मायदाच्या ९० आणि ९१ व्या आयतींत जुगाराला सैतानी काम ठरवून त्याची कारणेही दिली आहेत: तो माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखतो. त्या मुलाचे सामने रात्री दोनपर्यंत चालत. फज्र कधीच गेली होती. पत्र्याचा व्यापारी त्याच्या वडिलांचा तीस वर्षांचा मित्र, दोघांत बोलणे बंद व्हायची वेळ आली होती. आयतीतली दोन्ही कारणे एका गाळ्यात दिसत होती.

"पण यात कौशल्य आहे" असे म्हणणाऱ्यांना एकच सांगणे आहे. कौशल्य खेळाडूचे आहे, पैज लावणाऱ्याचे नाही. घोडे, उंट आणि नेमबाजीच्या शर्यतीतील बक्षिसाला हदीसमध्ये जागा आहे. ती शर्यतीत उतरणाऱ्यासाठी आहे, कडेला उभे राहून पैसे लावणाऱ्यासाठी नाही. आणि बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत असेही आले आहे, की जो आपल्या सोबत्याला नुसते "चल, जुगार खेळू" म्हणेल, त्याने सदका द्यावा. जिथे आमंत्रणाचीही भरपाई करायची, तिथे त्याची स्ट्रॅटेजी शिकवणाऱ्या चॅनेलचे काय होईल?

कोणी विचारील, धंद्यातही जोखीम असतेच ना? असते. घोलवडचा बागायतदार चिकूवर वर्षभर पैसे लावतो, पाऊस अवेळी आला तर हरतो. सातपाटीचा मच्छीमार डिझेल भरून समुद्रात जातो आणि रिकामा परततो. पण ते जिंकले तर बाजारात चिकू येतो, मासळी येते. घेणारा आणि देणारा दोघेही घरी काहीतरी घेऊन जातात. चिंचणीकडचा डाय बनवणारा कारागीर एक साचा कोरतो, त्यावर सोनाराचे कितीतरी दागिने उतरतात. पैजेत मात्र एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा जातो आणि वाटेत पाच टक्के बुकी काढून घेतो. मेहनत आहे, जोखीम आहे, वहीसुद्धा आहे. माल मात्र नाही. जिथे माल नाही, सेवा नाही, तिथे रिज्क कुठून येणार आणि बरकत कशात उतरणार?

मग काय करावे?

मुलांना खेळापासून तोडू नका. खेळ आणि जुगार यांच्यातली रेघ त्यांना दाखवा. मोहल्ल्यात स्पर्धा भरवायची असेल तर जरूर भरवावी. बक्षीस दुकानदारांनी किंवा एखाद्या संस्थेने आपल्या पदरचे द्यावे. खेळणाऱ्यांकडून वर्गणी गोळा करून तीच जिंकणाऱ्याला देऊ नये, कारण मग तो जुगाराचाच प्रकार होतो. शंका आली तर आलिमांना विचारावे. नमाजच्या वेळा सोडून सामने ठेवावेत.

दुकानाचा क्यूआर कोड आणि चालू खाते यांची चावी गल्ल्याच्या चावीइतकीच जपावी. पुतण्या असो की जावई, "थोडे पैसे फिरवून देतो" याला सरळ नकार द्यावा.

कोणी फसला असेल तर त्याची बाजारात बदनामी करू नये. बदनामीच्या भीतीनेच मुले आठवी पैज लावतात. पण त्याच्या हातात रोख रक्कमही देऊ नये. कर्ज-ए-हसना द्यायचे असेल तर ज्याचे देणे आहे त्याच्याकडे स्वतः जाऊन द्यावे. जमातीच्या बैतुलमालनेही हाच नियम ठेवावा.

मी त्या मुलाला चौसष्ट हजार दिले नाहीत. त्याच्या वडिलांना बोलावले आणि तिघे मिळून पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे गेलो. खरे ते सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला आधी सांगितले असते तर मी थांबलो असतो." हप्ते ठरले. पहिला हप्ता मी भरला, बाकीचे तो कामातून फेडतो आहे.

वही मात्र मी त्याला परत दिली आणि सांगितले, की हेच रकाने गाळ्यासाठी आख. प्रत्येक कामाला पत्रा किती, वेल्डिंग रॉड किती, ग्राइंडिंगची चाके किती, वीज, मजुरी, मिळालेला भाव, शिल्लक. पहिल्याच महिन्यात त्याला कळले, की जाळ्यांच्या कामात रॉड आणि चाकांचा खर्च त्यांनी कधी धरलाच नव्हता. कारखान्याला वर्षानुवर्षे ते काम जवळजवळ फुकट जात होते. त्याने नवा दर मागितला. थोडी घासाघीस झाली आणि मिळाला.

शिस्त ही अल्लाहची देणगी आहे. ती ज्या मुलाजवळ आहे त्याला धंद्यात बोलवा, नाहीतर बुकी बोलावून नेईल. अल्लाह आपल्या मुलांच्या हिशेबाला हलाल माल आणि कमाईला बरकत देवो, आमीन.